एकही चूक न करणारे काका

बेल वाजवली की आतून "कोण?" असं कुणीही विचारतं. हे काका तसं विचारायचे नाहीत. बंद दारामागून एक स्पॅनिश क्रियापद यायचं. "कान्तार!" म्हणजे गाणं. बाहेर उभ्या माणसानं ते चालवून दाखवायचं. मी गातो, तू गातोस, तो गातो, आम्ही गातो, तुम्ही गाता, ते गातात. कान्तो, कान्तास, कान्ता, कान्तामोस, कान्ताइस, कान्तान. सहाही रूपं वर्तमानकाळात आणि न अडखळता झाली की कडी निघायची. अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून.

आता हे टेक्सासच्या जुलैमध्ये, दुपारी तीन वाजता, हातात गरम भाजीचा डबा धरून करायचं. पहिल्यांदा माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी दाराकडं बघतच राहिले. घामानं ओढणी पाठीला चिकटली होती. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पोरगी उन्हात वितळून राहिली तिकडं, उघडा ना दार!"

"चौथं रूप राहिलंय तिचं."

"चौथं रूप गेलं खड्ड्यात. भाजी आणली आहे तिनं."

"भाजीचा आणि चौथ्या रूपाचा काय संबंध?"

दार उघडलं नाही. मी चौथं रूप म्हटलं, मग उघडलं. काकांनी डबा हातात घेतला आणि प्रेमानं म्हणाले, "ये बाळ, आत ये. फार ऊन आहे बाहेर."

ते मूळचे सांगलीचे. पाइपलाइनच्या कामातले इंजिनिअर, चाळीसेक वर्षं इथं काढून टेक्सासमधल्याच शुगर लँड गावात निवृत्त झालेले. आता ते आणि काकू सनीव्हेलला मुलाकडं असतात. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते पंचाहत्तरीच्या पुढं होते आणि दर शनिवारी सकाळी आम्हा मराठी लोकांना स्पॅनिश शिकवायचे. फुकट. मराठी शाळेसाठी एका शाळेच्या दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या असायच्या. एका खोलीत आमची इथं जन्मलेली मुलं बाराखडी गिरवायची आणि बाईंना इंग्लिशमधून उत्तरं द्यायची. शेजारच्या खोलीत आम्ही आईबाप बसायचो. दोन नर्सा, एक फार्मसिस्ट, एक दाताची डॉक्टर, बाकी असेच. सगळ्यांना कामावर स्पॅनिश लागायचं.

मला जरा जास्तच लागायचं. ते सांगायच्या आधी माझं थोडं सांगते. मी सोलापूरची. वडील यंत्रमागावर कामाला, आई विड्या वळायची. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी सारखं सांगते, माझा नवरा म्हणतो बस झालं आता, पण मी सांगणार. नर्सिंगची बी.एस्सी. मी घोकून घोकून केली. समजलं नाही ते पाठ केलं, पाठ झालं नाही ते लिहून काढलं. इथली लायसन्सची परीक्षाही तशीच काढली. पाठांतराला नावं ठेवणाऱ्या लोकांच्या घरी बहुतेक पुस्तकांचं कपाट असतं. आमच्या घरी नव्हतं.

तर मी एका डायलिसिस सेंटरमध्ये नर्स आहे. पेशंट चार-चार तास खुर्चीत बसून असतात, आणि आमच्याकडं त्यातले निम्मे स्पॅनिश बोलणारे. नियम असा, की ज्या नर्सनं स्पॅनिशची तोंडी परीक्षा दिली नसेल तिनं पेशंटशी स्वतः बोलायचं नाही, फोनवरून दुभाषी घ्यायचा. नियम बरोबर आहे. पण एकदा एका मेक्सिकन आजोबांच्या दोन्ही पायांत गोळे आले. खुर्चीचे हात घट्ट धरून ते माझ्याकडं बघत काहीतरी सांगत होते, आणि मी कानाला फोन लावून संगीत ऐकत उभी. दुभाषी यायला चार मिनिटं लागली. मशीनचं काय करायचं ते मला कळत होतं, ते मी केलं. पण त्या माणसाला "आहे मी इथं, आत्ता थांबेल हे" एवढं म्हणायला मला तोंड नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, ही परीक्षा पास व्हायचीच. फोनवरची परीक्षा, वीस मिनिटं. दोनदा देता येते. दोनदा नापास झालं की वर्षभर थांबा.

आणि शिकवायला हे काका. मला वाटलं, देवच पावला. ते माझ्याच पद्धतीनं शिकवत होते ना!

त्यांनी स्वतःच्या हातानं एक उजळणी तयार केली होती. पाढ्यांची असते तशी, स्पायरल बाइंडिंग केलेली. दोनशे नियमित क्रियापदं, प्रत्येकाला एक पान. हे सगळं पाढ्यांच्या चालीवर म्हणायचं. आब्लो, आब्लास, आब्ला. म्हणजे मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो. ते टेबलावर फूटपट्टीनं ठेका धरायचे आणि आम्ही मोठी माणसं डोलत डोलत म्हणायचो. कुणी विचारलं, "काका, ती अनियमित क्रियापदं कधी घेणार?" की चष्म्यावरून बघून म्हणायचे, "आधी माणसानं नियमित व्हावं." दाताच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं, "थोडं कॉन्व्हर्सेशन करू या ना काका? म्हणजे आपापसात बोलू या, चुकत माकत." काका एवढे दचकले की फूटपट्टी खाली पडली. "चुकत माकत? चुकीचं बोलण्यापेक्षा माणसानं गप्प बसावं." त्या बाई पुढच्या शनिवारी आल्या नाहीत.

मी मात्र त्यांची लाडकी. दर शनिवारी शंभरपैकी शंभर. लाल शाईनं मार्क द्यायचे आणि खाली बारीक अक्षरात लिहायचे, "निर्दोष." शाळेत त्यांना संस्कृतमध्ये शंभरपैकी शंभर होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आपल्याकडं संस्कृत घेतात ते मार्कांसाठी, यात लपवण्यासारखं काय आहे? देव, वन, माला चालवून दाखवा आणि मार्क घ्या. संस्कृतात "मला पाणी दे" असं आजवर कुणी कुणाला म्हटलंय? काकांनी तीच गाडी स्पॅनिशच्या रुळावर चढवली होती, आणि मी डोळे मिटून त्या गाडीत बसले होते.

या वर्गाची एक गंमत सांगायला हवी. शनिवारी शाळा झाडायपुसायला एक बाई असायच्या, एल साल्वादोरच्या, पन्नाशीच्या. आमचा वर्ग सुरू झाला की त्या आपली ढकलगाडी दाराशी थांबवायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. मला वाटायचं, दमत असतील. एकदा मी बाहेर पाणी प्यायला गेले तर त्यांनी मला थांबवलं. अर्धं इंग्लिश, अर्धं स्पॅनिश. म्हणाल्या, तुमचा धर्म कुठला? मी सांगितलं, हिंदू. त्या म्हणाल्या, तुमची प्रार्थना फार सुंदर आहे. मी प्रेम करते, तू प्रेम करतोस, तो प्रेम करतो, आम्ही सगळे प्रेम करतो. असं कुणी आमच्या चर्चमध्ये म्हणत नाही. मी माझ्या बहिणीलाही शिकवली, आता आम्ही दोघी जेवायच्या आधी म्हणतो.

माझ्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला. बाई दोन वर्षं उभ्या राहून आमची "आमार" क्रियापदाची घोकंपट्टी छातीवर हात ठेवून ऐकत होत्या!

मी धावत आत येऊन काकांना सांगितलं. सगळा वर्ग हसला, काका नाही हसले. "प्रार्थना? तिला सांग, ही नियमित क्रियापदं आहेत म्हणून."

"तुम्हीच सांगा ना काका. दारातच आहेत त्या. तुमचं स्पॅनिश ऐकून खूश होतील."

काका फळा पुसायला लागले. कोरा फळा. वरपासून खालपर्यंत, सावकाश. बाई दारात हसत उभ्या, "बुएनोस दियास, प्रोफेसोर", सुप्रभात सर, म्हणाल्या, आणि काकांनी मागं वळून बघितलंच नाही. मला तेव्हा वाटलं, बाई सफाई कामगार म्हणून हे बोलत नाहीत. माझी आई विड्या वळायची, असलं मला लगेच टोचतं. आठवडाभर मी त्यांच्यावर मनातून रागावले होते.

मग माझी परीक्षा झाली. फोन आला, पलीकडं एक गोड आवाजाची बाई. नावगाव झालं. मग तिनं विचारलं, तुमच्या पेशंटच्या पायात गोळे आले आहेत, तुम्ही त्याला काय सांगाल? प्रश्न मला शब्द न् शब्द कळला. हेच तर मला सांगायचं होतं. आणि मी डोक्यात क्रियापद शोधायला लागले. सापडलं. आता त्याचं हवं ते रूप. तर ते रूप सरळ येईना. कुणी मध्येच "सात आठे किती?" विचारलं की आपण नाही का मनातल्या मनात साती एके सातपासून चढत जातो, तसं मी प्रत्येक शब्दाला पहिल्या पायरीपासून चढत होते. मी, तू, तो. मग पुढचं क्रियापद, पुन्हा मी, तू, तो. डोकं रेल्वेसारखं धावत होतं आणि तोंडातून आवाज नाही. ती बाई म्हणाली, "हॅलो? आर यू देअर?"

मी म्हणाले, "येस." इंग्लिशमध्ये. वीस मिनिटांत मी एकूण सात-आठ शब्द बोलले असेन.

नापास. मी. आयुष्यात पहिल्यांदा. लेटर वाचून मी सेंटरच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. माझ्या वडिलांनी मला कधी मार्क विचारले नाहीत, कारण ते विचारायची वेळ मी येऊ दिली नव्हती. आणि आता हे.

तशीच गाडी काढली आणि काकांच्या घरी गेले. दारामागून "त्राबाहार!" आलं. काम करणं. हेच क्रियापद त्यांनी गेल्या आठवड्यात विचारलं होतं, त्याच्या आदल्या आठवड्यातही. मी म्हणाले, "काका, दार उघडा नाहीतर मी लाथ मारीन."

काकूंनी उघडलं. काका समोरच उभे. मी सांगितलं, नापास झाले.

ते खुर्चीत बसले. "किती चुका?"

"एकही नाही. बोललेच नाही मी काही."

"एकही नाही?" त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी खोटं सांगत नाही. "मग नापास कशी? परीक्षेतच काहीतरी गोंधळ आहे. आपण त्यांना पत्र लिहू."

"काका, बोलायच्या परीक्षेत मी गप्प बसले! पोहायच्या शर्यतीत काठावर उभं राहून माझा एकही हात चुकला नाही म्हणतात का कुणी? तुम्ही स्वतः कधी बोललात स्पॅनिश? कुणाशी तरी? एकदा तरी?"

तेवढ्यात मागच्या काचेवर टकटक झाली. बाहेर गवत कापायला येणारा माणूस दिसला, डोक्यावर टोपी, हातात कात्री. तो काकांकडं बघून हसला आणि हात हलवला. आणि काका उठले, स्वयंपाकघरातल्या कोठीच्या खोलीत गेले आणि आतून दार लावून घेतलं.

मी बघतच राहिले. पाइपलाइनचा इंजिनिअर, दोनशे क्रियापदांचा मालक, डाळ-तांदळाच्या डब्यांमध्ये लपून बसला होता.

काकूंना काहीच वाटलं नाही. त्या हात पुसत बाहेर गेल्या. काकू नागपूरच्या, स्पॅनिशचा एक वर्ग त्यांनी केलेला नाही. अंगणातून त्यांचा आवाज येत होता, "ओला, ओला! कोमो एस्ता? आकी कोर्तार, सी. आकी नो कोर्तार! नो, नो, बावा, तो मोगरा आहे! फ्लोर! फ्लोर ब्लांका, मुचो सुगंध!" इथं काप, इथं कापू नको, पांढरं फूल, खूप सुगंध. एकही क्रियापद चालवलेलं नाही, सगळी जशीच्या तशी फेकलेली. तो माणूस हसून मोगऱ्याचा वास घेत होता आणि आपल्या बायकोबद्दल काहीतरी सांगत होता, आणि काकू "आय आय आय" करत ऐकत होत्या.

आत आल्यावर काकू म्हणाल्या, "ते त्याच्याशी बोलत नाहीत. कुणाशीच नाही. चाळीस वर्षं झाली, यांनी स्पॅनिशचं एक वाक्य कुणाशी बोललेलं मी ऐकलं नाही. सुरुवातीला एकदा साइटवर बोलले होते म्हणे, चुकलं काहीतरी, लोक हसले. झालं. तेव्हापासून नुसता अभ्यास." आणि कोठीच्या दाराकडं तोंड करून, "या बाहेर, गेला तो!"

लोक हसले. एवढंच? मला हा धक्का परीक्षेपेक्षा मोठा बसला. आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू बोलणारी. माझ्या आईला अक्षरओळख नाही, पण विड्यांच्या कारखान्यात ती तेलुगूत भांडायची, कन्नडमध्ये भाव करायची, बायका तिला हसायच्या, तीही हसायची आणि भाव कमी करून घ्यायची. लाजायची चैन तिला परवडणारी नव्हती. आणि मी, तिची मुलगी, सोलापूरहून इथं येऊन कुणाकडून शिकले? जो हसण्याला घाबरून चाळीस वर्षं गप्प बसला त्याच्याकडून. हे मी काकांना तोंडावर म्हणाले. आईचंही सांगितलं. आवाज चढला होता माझा. काका कोठीच्या दारात उभे होते, बाहीला पीठ लागलेलं.

पाच दिवस काही नाही. मला वाटलं, संपलं. एका वडीलधाऱ्या माणसाला मी घालूनपाडून बोलले, याचं वाईटही वाटत होतं. बुधवारी माझी सुट्टी, दुपारी फोन वाजला.

"परीक्षा फोनवर असते ना?" काका. "मग तयारी फोनवरच व्हायला हवी. मी पेशंट, तू नर्स. चुका मोजायच्या नाहीत. मी पण मोजणार नाही."

"काका, तुम्ही—"

"फोनवर तोंड दिसत नाही," ते म्हणाले. "चल, सुरू."

आणि ते स्पॅनिश बोलले. मी त्यांचं बोलणं पहिल्यांदा ऐकत होते. काय सांगू! श्लोक म्हणावा तसं, प्रत्येक अक्षर स्वच्छ, प्रत्येक शब्दानंतर विराम, आणि सगळं त्या दोनशे नियमित क्रियापदांत. पहिल्या दिवशी त्यांच्या पेशंटचा गुडघा दुखत होता. दुसऱ्या दिवशी तो मीठ फार खायचा. मी हसत होते, चुकत होते, ते अडत होते, मी शब्द पुरवत होते. काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून ते गॅरेजमध्ये गाडीत बसून फोन करायचे. मागं कधी कधी सीटबेल्टची टिंगटिंग ऐकू यायची.

चौथ्या दिवशी मी नेहमीसारखं विचारलं, काय होतंय तुम्हाला?

मग काका बोलायला लागले. "सुबो आल कार्रो. मानेहो." मी गाडीत बसतो. गाडी चालवतो. "ओल्विदो ला काये." मी रस्ता विसरतो. "बुस्को." शोधतो. "नो आयो मी कासा." माझं घर सापडत नाही. "एन्त्रो एन उन पार्किंग. एस्पेरो." एका पार्किंगमध्ये शिरतो. थांबून राहतो. आणि मग म्हणाले, "योरो."

मी रडतो.

मी पलंगावर बसले. खोटा पेशंट फारच दुःखी रंगवलाय काकांनी, असं आधी मनात आलं. मग तोंडातून आपोआप नर्सचे प्रश्न निघायला लागले. किती वेळा झालं? "त्रेस." तीन वेळा. कुठून येताना? किराणा दुकानातून, लायब्ररीतून, परत किराणा दुकानातून. किती वेळ थांबलात? दोन तास. घरी बायको आहे? आहे. तिला सांगितलं? "नो." का? "सी आब्लो, तोमा लास यावेस." मी बोललो तर ती किल्ल्या घेईल.

शुगर लँडमध्ये गाडीची किल्ली गेली की माणूस घरातल्या कपाटासारखा होतो, कुणीतरी हलवेपर्यंत जागच्या जागी. हे मला समजावून सांगायला नको होतं. आणि मग दारामागून तीन आठवडे आलेलं ते एकच क्रियापद आठवलं. आधी विचारलेलं ते विसरत होते, आणि मी म्हणत होते, शिस्तीचा माणूस आहे. ती दोनशे क्रियापदं ते पुन्हा पुन्हा चालवत होते ते आमच्यासाठी नाही, अजून सगळी जागेवर आहेत ना, ते बघायला.

मी विचारलं, "काका?" मराठीत.

ते लगेच मराठीत म्हणाले, "तुझे उच्चार बरेच सुधारलेत. घाबरत नाहीस आता. शुक्रवारी दुसरी परीक्षा ना? शाबास." आणि फोन ठेवला.

त्या फोनवर मी कुठलंच क्रियापद पहिल्या रूपापासून चढले नव्हते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

शुक्रवारी परीक्षा झाली. त्या बाईनं एका घाबरलेल्या म्हाताऱ्या पेशंटची गोष्ट सांगितली आणि विचारलं, त्याच्याशी कशा बोलाल? मी बोलले. माझ्या आईसारखी बोलले, दिसेल तो शब्द उचलून. पंधरा-वीस चुका नक्की केल्या, एकदा तर ती बाई हसली, मीही हसले. पास झाले. सोमवारी सकाळी पहिल्या पेशंटशी मी फोनशिवाय बोलले. त्या आनंदाचं वर्णन मला येत नाही, पण तो पूर्ण आनंद नव्हता.

संध्याकाळी काकांच्या घरी गेले. काकू अंगणातच होत्या, त्यांच्याबरोबरच आत शिरले. जेवणाच्या टेबलाशी काका पेपर वाचत होते. मी पास झाल्याचं सांगितलं. काकूंनी माझ्या तोंडात साखर घातली, चहा टाकला. काकांनी विचारलं, "चुका?"

"वीसेक."

"वीस!" ते खरंच हादरले. "आणि तरी पास?"

"तरी पास." मग मी एका दमात म्हणाले, "काका, उद्या साडेदहाची अपॉइंटमेंट घेतली आहे. मेमरीच्या डॉक्टरांची. मी सुट्टी टाकली आहे, मी घेऊन जाते."

"कुणाची अपॉइंटमेंट?"

"फोनवरच्या त्या पेशंटची."

पेपर त्यांनी घडी करून ठेवला. मग पुन्हा उघडला, पुन्हा घडी केली. काकू ओट्यापाशी, आमच्याकडं पाठ. चहा उकळत होता. काका हळू आवाजात म्हणाले, "ती फक्त तयारी होती."

"असू दे. पेशंट माझा आहे."

मला वाटलं, आता उठून कोठीत जातील. गेले नाहीत. त्यांनी शर्टच्या खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसले. "अगं," ते काकूंना म्हणाले, "जरा बस इथं. मला तुला एक सांगायचंय." आणि थांबले. या वेळी ते शब्द शोधत होते ते मराठीत. "मागच्या महिन्यात... किराणा आणायला गेलो होतो... मला यायला उशीर झाला बघ..."

"दोन तास दहा मिनिटं," काकू म्हणाल्या.

काकांनी वर बघितलं.

काकूंनी गॅस बंद केला, पण वळल्या नाहीत. "फोनवर दिसतं ना तुम्ही कुठं आहात ते. मुलानंच घालून दिलं आहे. मी माझी गाडी घेऊन आले. तुमच्या मागं दोन ओळी सोडून उभी होते."

"तू? तिथं?"

"तिन्ही वेळा."

मी काकूंच्या पाठीकडं बघत होते.

"मग... मग हाक का नाही मारलीस?"

"तुम्हाला चुकताना कुणी बघितलेलं चालत नाही. पन्नास वर्षं झाली लग्नाला, एवढं तर माहीत आहे मला." काकू चहा गाळायला लागल्या. थोडा चहा बशीत सांडला. "मी वाट पाहिली. तुम्हाला सापडेल म्हणून. नाही सापडलं, तेव्हा फोन केला ना मी तुम्हाला? की मी पण दुकानात आले आहे, माझ्या टायरमध्ये हवा कमी वाटून राहिली, माझ्या मागं मागं गाडी घ्या, लक्ष ठेवा म्हणून?"

"हो," काका म्हणाले. "मी आलो ना तुझ्या मागं. घरापर्यंत लक्ष ठेवलं मी."

"ठेवलं ना." काकूंनी कप त्यांच्यासमोर ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या. "टायरला काही झालं नव्हतं."